ताईंना विचारा : ‘तू फक्त स्वतःचंच बघतेस!’

या खेपेला पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज चाळताना लक्षात आलं की निम्म्या जणांची तक्रार एकच आहे, कोणीतरी कोणालातरी आत्मकेंद्री म्हटलंय. कोणी नवऱ्याला, कोणी भावाला, एका बापाने तर स्वतःच्या ४ वर्षांच्या पोराला. म्हणून केस गळणं, बारावीनंतर काय वगैरे प्रश्न पुढच्या अंकात ढकलले आणि हे सगळे एकत्र घेतले. नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत आणि गावंही थोडी इकडची तिकडे केलीत, आपला गोवा एवढासा, लोक लगेच ओळखतात.

प्रश्न : ताई, माझं वय ३८, फोंड्याजवळ राहते. लग्नाआधी गाणं शिकत होते, नंतर सुटलं. आता मुलगी आठवीत गेली म्हणून परत क्लास लावला, आठवड्यातून दोन संध्याकाळी. त्या दिवशी रात्रीची आमटी-भाजी मी सकाळीच करून ठेवते. तरी सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की आमची सून हल्ली फक्त स्वतःचंच बघते. मी खरंच आत्मकेंद्री झालेय का? आणि आत्मकेंद्री म्हणजे स्वार्थीच ना?

उत्तर : नाही हो, दोन्ही एक नाहीत. स्वार्थी माणसाला समोरच्याचं नुकसान चांगलं दिसत असतं, दिसूनही तो आपलं घेतो. आत्मकेंद्री माणसाला ते दिसतच नाही, त्याच्या डोक्यात तो विषय येतच नाही. म्हणून आत्मकेंद्री माणूस उदार असू शकतो, प्रेमळ असू शकतो, अगदी देवमाणूससुद्धा असू शकतो. असे एक काका प्रत्येक घरात असतात बघा, रात्री साडेआठला हौसेने डझनभर बांगडे घेऊन येतात, स्वतःच्या खिशातून, सगळ्यांना खाऊ घालायचं म्हणून. स्वार्थ कुठेच नाही. पण घरात जेवणं उरकत आलीत, ओटा पुसून झालाय, आता हे बांगडे साफ कोण करणार आणि हुमण कोण ढवळत बसणार, हे त्यांच्या मनाला शिवलेलंसुद्धा नसतं. आणि कोणी तोंड वाकडं केलं की वर काका दुखावतात, ‘एवढं प्रेमाने आणलं’ म्हणून.

आता तुमचं बघू. तुम्ही क्लासला जायच्या आधी घरातल्या प्रत्येकाच्या पोटाचा विचार करून जाताय. ज्या बाईच्या डोक्यात सहा वाजता गाणं आणि आठ वाजता सासऱ्यांची पोळी दोन्ही आहे तिला आत्मकेंद्री कसं म्हणायचं? तुम्ही स्वतःसाठी काहीतरी घेतलंय एवढंच, आणि ‘मी’ असणं हा काही गुन्हा नाही. आपल्याकडच्या सांख्य विचारात तर अहंकार, म्हणजे मीपणा, हे सृष्टीतलं एक तत्त्वच मानलंय, प्रकृतीपासून बुद्धी, बुद्धीपासून अहंकार, आणि मन-इंद्रियं त्याच्याही नंतर. म्हणजे ‘मी’ आधी, बाकीचा संसार मागून.

एक गोष्ट मात्र मला खटकते ती बोलतेच. बाईच्या दोन संध्याकाळी लगेच मोजल्या जातात, पुरुषाच्या रोजच्या संध्याकाळी तिठ्यावर नाहीतर क्लबात जातात त्या कोणी मोजत नाही. ‘आत्मकेंद्री’ हा शब्द घरात बहुतेक वेळा तोच माणूस वापरतो ज्याला आजवर मध्यभागी बसायची सवय होती. पण सासूबाईंबद्दल लगेच मन वाईट करून घेऊ नका. त्यांचंही लग्नानंतर काहीतरी सुटलेलं असणार, फुगड्या असतील, भजन असेल, शिवण असेल, आणि ते परत धरायला कोणी सांगितलं नसणार. एकदा निवांत बसून विचारून बघा, वाद घालायला नाही, खरंच माहीत करून घ्यायला. क्लास मात्र चालू ठेवा.

प्रश्न : मुलगा ४ वर्षांचा, एकुलता एक. खेळणी कोणाला हात लावू देत नाही. आजीला फोन लावून दिला की ती ‘जेवलास का’ विचारते आणि हा नुसती मान हलवतो. लपाछपीत स्वतःचे डोळे झाकून खोलीच्या मधोमध उभा राहतो. बायको हसते पण मला भीती वाटते की लाडामुळे हा आत्मकेंद्री होतोय. (म्हापसा)

उत्तर : तुमच्या बायकोबरोबर तुम्हीही हसा. जीन पियाजे नावाचे स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी आणि बार्बेल इनहेल्डर यांनी १९४८ मध्ये एक प्रयोग छापला. टेबलावर तीन डोंगरांचं मॉडेल, मूल एका बाजूला बसलेलं, दुसऱ्या बाजूला बाहुली ठेवायची आणि मुलाला विचारायचं की बाहुलीला काय दिसतंय ते चित्र निवड. लहान मुलं, साधारण ६-७ वर्षांच्या आतली, बऱ्याचदा स्वतःला जे दिसतंय तेच चित्र उचलायची. पियाजे याला लहान मुलाचा आत्मकेंद्रीपणा म्हणायचे, पण त्यात लाड नाही, हट्ट नाही, संस्कार कमी पडले असंही काही नाही. दुसऱ्याच्या जागेवरून जग वेगळं दिसतं ही कल्पनाच त्या वयात पक्की झालेली नसते. तुमच्या पोराला आजी दिसत नाही, पण आजीलाही तो दिसत नाही हे त्याच्या डोक्यात अजून यायचंय.

पुढे १९७५ मध्ये मार्टिन ह्यूजेस यांनी तोच प्रश्न वेगळ्या पद्धतीने विचारला. आडव्या-उभ्या भिंती, बाहुला पोलीस, आणि एक बाहुला मुलगा, त्याला पोलिसाला दिसणार नाही असा लपव. यात साडेतीन ते पाच वर्षांची बहुतेक मुलं बरोबर निघाली! लपणं त्यांना कळतं, डोंगर कळत नाहीत. म्हणजे गोष्ट ओळखीची असली की एवढीशी पोरंही दुसऱ्याच्या नजरेने बघू शकतात. तेव्हा फोनवर मान हलवली की ओरडू नका, ‘आजीला दिसत नाही रे, तोंडाने सांग’ एवढंच म्हणा, शंभर वेळा म्हणावं लागेल. लपाछपीत तुम्ही लपा आणि त्याला शोधायला लावा. आणि खेळणं द्यायची जबरदस्ती नको, तुमची नवी गाडी शेजाऱ्याने चावी मागून नेली तर तुम्ही किती हसतमुखाने देता ते आधी आठवा.

प्रश्न : लग्नाला २२ वर्षं झाली, पण माझ्या मनात काय आहे ते मिस्टरांना सांगितल्याशिवाय कळत नाही. एवढ्या वर्षांत कळायला नको? इतका कसा माणूस स्वतःतच? (वास्को)

उत्तर : १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने एक गंमत केली. एकाने मनात ओळखीचं गाणं धरून टेबलावर बोटांनी ठेका वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं की निम्मी तरी ओळखली जातील. १२० गाण्यांपैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पेटी-तबला-शब्दांसकट अख्खं गाणं चालू असतं ना, ऐकणाऱ्याला मात्र नुसती टकटक. तुम्ही सकाळी भांडी जरा जोरात ठेवता, दार आपटता, ‘काही नाही’ म्हणता, त्यातून मिस्टरांना तुमच्या माहेरच्या लग्नाला लवकर निघायचं होतं हे कळायला हवं होतं, नाही का? तेही स्वतःत असतील, मी त्यांची वकिली करत नाही. पण आपल्या मनातलं समोरच्याला ऐकू जातंय असं धरून चालणं हे पण स्वतःतच असणं झालं. सांगा तोंडाने. परत फोनवरच्या पोरासारखंच झालं हे, असो.

प्रश्न : आम्ही तीन भाऊ, मी थोरला, डिचोली तालुक्यातल्या मूळ घरात राहतो, मधला मडगावला आणि धाकटा पुण्याला. गणेश चवथीला सगळे घरी येतात आणि दरवर्षी पाचव्या नाहीतर सातव्या दिवशी भांडण होतंच. घर रंगवणं, झाडलोट, माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या चौकटीचं) सगळं सामान मी जमवतो, रानात जाऊन. मधला म्हणतो मूर्तीचं, भटजींचं सगळं मी बघतो. धाकटा म्हणतो अर्ध्याहून जास्त पैसे माझे. प्रत्येकाला आपलंच मोठं वाटतं. तुम्हीच सांगा आमच्यात जास्त आत्मकेंद्री कोण?

उत्तर : भाऊ, तुम्ही चार पानी पत्र लिहिलंत, वर दिलाय तो सारांश आहे. निकाल द्यायचा तर तिघेही सारखेच, आणि माझ्याकडे पुरावा आहे.

१९७९ मध्ये कॅनडात मायकल रॉस आणि फिओर सिकोली या दोघांनी ३७ नवरा-बायकोंच्या जोड्यांना वेगवेगळं बसवून विचारलं की घरातल्या २० गोष्टींपैकी प्रत्येकीत तुमचा वाटा किती. नाश्ता कोण करतं, भांडी कोण घासतं असल्या गोष्टी. मग दोघांच्या वाट्यांची बेरीज केली. बेरीज शंभर यायला हवी, तर बहुतेक गोष्टींत ती शंभराच्या वर गेली, म्हणजे दोघांपैकी कोणीतरी नाहीतर दोघेही आपला हिस्सा फुगवून सांगत होते. तुम्ही म्हणाल यात काय, मोठेपणा कोणाला नको असतो. पण यादीत ‘भांडण सुरू करणं’ असल्या वाईट गोष्टी पण होत्या आणि त्यांतही लोकांनी आपला वाटा चढाच सांगितला! म्हणजे नुसती फुशारकी नाही. आपण केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्याने केलेलं आपल्यासमोर घडलेलंच नसतं, तर आठवणार कुठून. तुम्ही रानात काट्यांतून कांगलां, माट्टुटी काढत होता तेव्हा तुमच्या अंगावर ओरखडे आले, ते तुमच्या लक्षात राहणारच. त्याच वेळी मधला भाऊ भटजींना पाचव्यांदा फोन करून वेळ जुळवत होता, ते तुमच्या डोळ्यांना कुठून दिसणार. धाकट्याने बँकेतून पैसे काढले तेव्हा त्याच्या घरचं काहीतरी पुढे ढकललं गेलं असेल, ते त्याच्याच लक्षात. तिघेही खरं बोलताय आणि तिघांची बेरीज मिळून दीडशे-दोनशे टक्के चवथ होतेय.

आणि आता जरा कडक बोलते. तुमच्या चार पानांत रंग आहे, माटोळी आहे, मूर्ती आहे, भटजी, पैसे, फटाके, आरतीला घुमट कोणी वाजवायचं त्याची रुसवाफुगवी पण आहे. नेवऱ्या कोणी केल्या ते नाही. पहाटे उठून खतखतं कोणी चिरलं, वीस-पंचवीस माणसांची पानं पाच दिवस कोणी उचलली, पुण्याहून आलेल्या पोरांच्या अंथरुणाची सोय कोणी लावली, त्याचं एक वाक्य नाही. तिघांच्या बायका तुमच्या पत्रात नाहीतच, आई असतील तर त्याही नाहीत. मघाच्या बांगडेवाल्या काकांचं तेच, आपल्या हिशोबातून कोण गळलंय हे ज्याचं त्याला दिसत नाही, दुसऱ्याने दाखवावं लागतं.

उपाय विचारलाय म्हणून सांगते. यंदा चवथीच्या आधी सगळे जमलात की प्रत्येकाने कागदावर लिहा, पण स्वतः काय करतो ते नाही, बाकीचे काय काय करतात ते. बायकांसकट, मोठ्या पोरांसकट. लिहिताना पेन अडेल, तिथेच खरी गंमत आहे. एकाच वर्षात भांडण बंद होईल असं मी म्हणत नाही, पण सातव्या दिवसापर्यंत तरी गाडी रेटेल.

प्रश्न : मी १९ वर्षांचा, पेडणे. गावच्या जत्रेच्या नाटकात गेल्या वर्षी मी एक वाक्य विसरलो, प्रॉम्प्टरने दोनदा दिलं तरी ऐकू आलं नाही. अजून बाजारात गेलो की वाटतं लोक तेच आठवून हसतायत. यंदा परत रोल मिळालाय पण हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही. मित्र म्हणतो तू स्वतःचाच फार विचार करतोस. लाजणं पण आत्मकेंद्री कसं असेल?

उत्तर : असतं रे, आणि तुझा मित्र बरोबर बोललाय, फक्त जरा गोड बोलायला हवं होतं. फुशारकी मारणारा आणि कोपऱ्यात अंग चोरून बसणारा, दोघांनाही वाटत असतं की सगळ्यांचे डोळे माझ्यावर आहेत. एकाला ते आवडतं, एकाला घाम फुटतो. तुझ्या वयात तर हे जास्तच, डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्येच लिहून ठेवलंय की किशोरवयात मुलं एक काल्पनिक प्रेक्षकवर्ग डोक्यात घेऊन फिरतात.

प्रेक्षक किती काल्पनिक असतो तेही मोजून झालंय. २००० साली थॉमस गिलोविच आणि त्यांच्या साथीदारांचा प्रयोग छापून आला, त्यात कॉलेजच्या मुलांना बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला टीशर्ट घालून, जो त्या पोरांना घालायची लाज वाटेल असा, लोकांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्याला वाटलं निम्म्या लोकांनी तरी ओळखलं असणार. प्रत्यक्षात जवळपास पाव लोकांनीच ओळखलं.

आणि जत्रेचं नाटक म्हणजे तर काय बाबा. रात्री बारानंतर सुरू होणार, पुढच्या दोन रांगा सोडल्या तर मागे निम्मे लोक चटईवर पेंगतायत, पोरं खाज्याच्या फेरीजवळ, बायका लेकीसुनांची खबरबात काढतायत, आणि तुला वाटतं त्यांनी तुझं गळलेलं वाक्य वर्षभर जपून ठेवलंय? त्यांना नाटकाचं नाव आठवत असेल तरी खूप झालं. हातांचं म्हणशील तर हातांकडे लक्ष देणं सोड. स्टेजवर तुझ्या पात्राला समोरच्या पात्राकडून काय हवंय, पैसे हवेत, माफी हवीय, मुलगी हवीय, ते धरून त्याच्याकडे बघ, त्याचं बोलणं खरंच ऐक. हात आपोआप कुठेतरी जातात. आणि प्रॉम्प्टरला सांग विंगेत जरा पुढे उभा राहा म्हणून.

प्रश्न : आमच्या ऑफिसात एक जण पक्का नार्सिसिस्ट, म्हणजे स्वतःच्याच प्रेमात बुडालेला, आहे, मी रील्स बघून सगळी लक्षणं ताडून पाहिली. त्याच्याशी कसं वागावं? (पणजी)

उत्तर : रील्स बघून निदान करू नये, एवढं आधी. नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर हे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत १९८० मध्ये आलेलं निदान आहे, ९ पैकी किमान ५ लक्षणं लागतात, तीही तरुणपणापासून आणि घरी-दारी सगळीकडे दिसणारी, आणि ठरवणार तज्ज्ञ, शेजारच्या टेबलवाला नाही. तुमचं काम तो ढापतो का? मग काम केलं की ईमेल टाका, सायबाला कॉपी ठेवा. मीटिंगमध्ये फार बढाया मारतो एवढंच असेल तर चहा घ्या आणि सोडून द्या.

प्रश्न : माझं वय ५२, माहेर केपे तालुक्यात. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, आई भावाकडे त्याच घरात असते. दोन्ही भाऊ घर आणि भोवतालची जागा विकायला निघालेत, बाहेरचं गिऱ्हाईक आलंय. माझ्याकडून हक्कसोडीवर सही हवी म्हणतात. मी माझा वाटा मागितला तर वहिनीने सरळ म्हटलं, लग्नात सगळं दिलं तरी हिला अजून हवंच, किती स्वार्थी. मला रात्री झोप लागत नाही. पैशासाठी मी भावांना तोडतेय का?

उत्तर : बाय, आधी झोप. मग दुसऱ्या दिवशी सकाळी हे वाच.

गोव्यात मुलीचा वाटा ही कोणाची मेहेरबानी नाही. १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून आपल्याकडे मुलगा-मुलगी समान वारस आहेत, १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावरही तो कायदा चालू राहिला, आणि वारशाचा भाग आता २०१२ च्या गोव्याच्या कायद्यात आहे जो २०१६ पासून लागू झाला. लग्नात सोनं दिलं, मांडव घातला म्हणून तो वाटा आपोआप संपत नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलं असतं तरी मुलांना पूर्ण डावलता आलं नसतं, त्यांच्या हिश्श्यापैकी निम्माच त्यांच्या मर्जीचा. म्हणूनच तर तुझी सही मागतायत, आणि लग्न साध्या पद्धतीने, वेगळा करार न करता झालं असेल तर तुझ्या मिस्टरांचीही लागेल. ज्याचा हक्कच नाही त्याच्याकडे सोड कोण मागेल?

हक्काचं मागणं यात आत्मकेंद्री काही नाही. भावांना तुझा वाटा दिसत नाही, त्यांच्या डोक्यात ‘आमचं घर’ मध्ये तू लग्नाच्या दिवसापासून नाहीस, हे मात्र आहे. तरी त्यांना दुष्ट समजू नको, सरकारी पट्टी, घराची कौलं, वडिलांचं आजारपण त्यांनी बघितलं असेल तर ते त्यांच्या अंगावरचे ओरखडे आहेत, ते तू बोलून दाखव. जमलंच नाही तर कोर्टात इन्व्हेंटरी आहे, तिथे वाटे पडतात, एखाद्याला घर ठेवायचंच असेल तर वारसांमध्ये बोली लावूनही घेता येतं.

पण मला एक विचारायचंय. तू लिहिलंस की आई भावाकडे, त्याच घरात असते. पूर्ण पत्रात आई तेवढ्या एकाच ओळीत. बाय, लग्नात वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता आपल्याकडे दोघांची सामाईक धरतात. म्हणजे निम्मं घर वडिलांचं नव्हतंच, ते आधीपासून आईचं आहे, तुम्हा तिघांत वाटायचं ते उरलेल्या निम्म्यातलं. घर विकलं तर आई कुठे राहणार, तिला कुठल्यातरी फ्लॅटमध्ये जायचंय का, की त्याच ओसरीवर बसायचंय, हे भावांनी विचारलेलं नाही आणि तूही नाही.

या रविवारी जा, भाऊ नसतील अशा वेळी गेलीस तरी चालेल. आईला विचार. मग एका वकिलाला कागद दाखव, लग्नाच्या नोंदीसकट. मग भावांशी बोल. तोपर्यंत सही कुठेच करू नको.